मुकादमाचा अंगठा

आमच्या शर्टांच्या फॅक्टरीत तळमजल्यावर कटिंग होतं, वर शिलाई. जिन्याला लागून एक लांबट खोली आहे, पूर्वी तिथे कापडाचे तागे ठेवायचे. आता खोलीच्या मागच्या भागात बिघडलेली मशीनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि पुढच्या भागात मशीनवर बसणाऱ्या बायकांची मुलं असतात. मधे कमरेएवढी प्लायवूडची भिंत. भिंतीच्या एका बाजूला माझं टेबल, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, तेलाच्या बाटल्या. दुसऱ्या बाजूला रीळमावशी आणि तिची फौज.

रीळमावशी हे नाव मुलांनी दिलं. बाजारातली खेळणी तिला आवडत नाहीत. "दोन दिवसांत मोडतात, मग पोरंही रडतात आणि आईपण." त्यापेक्षा शिलाई विभागातून दोऱ्याची मोठी रिकामी रिळं ती गोळा करून आणते, घासून धुते आणि खोलीत ओतते. त्यांचे मनोरे होतात, गाड्या होतात, कर्णे होतात. एका मुलाने तर सगळी रिळं एकात एक घालून साप केला होता आणि तो साप चावतो म्हणून आठवडाभर कुणी त्या कोपऱ्यात गेलं नव्हतं.

पाळणाघरात यायच्या आधी मावशी कॉलर लावायची. कॉलर म्हणजे शर्टातलं अवघड काम. जरा हात हलला की एक टोक वर, एक खाली. तिच्या हाताखाली कित्येक पोरी तयार झाल्या. मग डोळे थकले, सुईत दोरा ओवताना ती सुईशी भांडायला लागली, आणि तिला खाली पाठवलं. सुरुवातीला तिला ते फार लागलं होतं. "मशीन जुनं झालं की भंगारात, आणि बाई जुनी झाली की पोरांत," असं ती जाता-येता सगळ्यांना ऐकवायची. पण हळूहळू तिला तिथे काय सापडलं कोण जाणे. आता कुणी म्हटलं, मावशी, वर जागा झालीय, येता का, तर ती म्हणते, "वर काय आहे? सगळे शर्ट सारखे. इथे दोन पोरं सारखी दाखव."

ज्या मुलीची ही गोष्ट, ती आली तेव्हा चौथ्या वर्षात होती. तोपर्यंत तिला आजी सांभाळायची. आजी आता धाकट्या मुलाकडे गेली, म्हणून आईने तिला फॅक्टरीत आणलं. आई वर लेबल लावायच्या मशीनवर बसते: कॉलरच्या आत मधोमध कंपनीचं लेबल, त्याच्याखाली मापाचं, बाजूच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांचं.

दारातच आईने मुलीच्या तोंडातून अंगठा ओढला. बाटलीचं बूच निघावं तसा फट् आवाज झाला. मुलगी रडली नाही. आईचा हात बाजूला होईपर्यंत तिने वाट पाहिली आणि अंगठा होता तिथे परत ठेवला.

"बघितलंत मावशी? असंच चालतं दिवसभर. तोंडात गेला की काढत जा. रागवा. एखादा फटका दिलात तरी माझी ना नाही."

"फटक्याचं काम माझ्याकडे होत नाही," मावशी म्हणाली. "आण इकडे. काय गं, दाखव तरी तुझा खजिना."

मुलीने अंगठा दाखवला. मी भिंतीवरून वाकून पाहिलं आणि मागे झाले. अंगठा पांढुरका, सुरकुतलेला, रात्रभर भिजत घातलेल्या शेंगदाण्यासारखा. नखाच्या कडेला लाल सूज. तिथून कातडी सुटली होती.

आईचा आवाज उतरला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ओला राहतो म्हणून आत सारखा पू होतो. मलम लावलं की ही चाटून टाकते. पट्टी बांधली की पट्टी भिजते, मग आणखीच वाईट. पुढच्या महिन्यात बोलावलंय. तोवर कोरडा झाला नाही तर नख काढावं लागेल म्हणाल्या. भूल देऊन. एवढ्याशा पोरीला भूल, मावशी."

मुलगी तोवर तिथलं एक उपडं प्लास्टिकचं क्रेट बघून त्यावर जाऊन बसली, पाठ ताठ, अंगठा तोंडात, आणि सगळ्या खोलीवरून नजर फिरवायला लागली. कोण काय करतंय, कुणाचं रीळ कुणी घेतलं, सगळं टिपत.

"घ्या," मावशी म्हणाली, "मुकादम आले."

तेव्हापासून ती मुकादम.

घरचे सगळे उपाय आधीच होऊन गेले होते. आजीने अंगठ्याला मिरची लावली होती. मुलीने तोच हात डोळ्याला लावला आणि सगळ्या चाळीला तमाशा झाला. हाताला मोजा बांधला, तर तिने मोज्यासकट अंगठा चोखला. बापाने समजावलं, काकाने धमकावलं, शेजारणीने 'अंगठा गळून पडतो' अशी गोष्ट सांगितली, ती ऐकताना मुलीने दुसऱ्या हाताने पहिला हात घट्ट धरून ठेवला, तोंडातच, पडू नये म्हणून.

मावशीने कसलाही उपाय केला नाही. निदान सुरुवातीचे काही दिवस तरी. ती नुसती बघत बसायची. मला वाटलं, हात टेकले बहुतेक. एकदा वरचे सुपरवायझर जिन्यावरून उतरताना दारात थांबले आणि मुलीला म्हणाले, "काय अंगठेबहाद्दर, शाळेतही असंच जायचं का?"

मावशी वरून आलेला बिघडलेला शर्ट उसवत बसली होती, तिने मान वर केली. "साहेब, अंगठेबहाद्दर मी. माझं नाव मला लिहिता येत नाही. हजेरीला मी कागदावर लावते, ही तोंडात लावते. आमचं कुणाचं काही अडलंय का?"

साहेब हसत निघून गेले. ते दिसेनासे झाल्यावर मावशी माझ्याकडे वळली. "ह्या पोरीचं मात्र अडलंय गं, इंजिनेरबाई. दिवस चाललेत."

"मग काहीतरी करा ना."

"काय करू? आधी कळायला तर पाहिजे कधी जातो तो तोंडात."

"सारखाच असतो की."

"सारखा नसतो. बघ तू."

मी बघायला लागले. मावशीचं खरं होतं. रिळांचा मनोरा रचताना अंगठा बाहेर. चिंध्यांचे गोळे वळताना बाहेर, कारण त्याला दोन्ही हात लागतात. जेवताना, चित्र खरडताना, भांडताना बाहेर. जेवणाची सुट्टी संपून वरची सगळी मशीनं एकदम सुरू होतात तेव्हा छत थरथरतं, मुलं क्षणभर गप्प होतात. तेव्हा आत. आई सुट्टीत भेटून गेली की आत. झोप आली की आत.

आणि एक दिवस मावशीने भिंतीवर टकटक केलं. "डावा हात बघ."

"अंगठा उजवा आहे, मावशी."

"म्हणून तर सगळे उजवा बघतात. तू डावा बघ."

वर मशीनं सुरू झाली. मुकादम क्रेटवर ताठ झाली. तिचा डावा हात उठला आणि मानेमागे गेला, फ्रॉकच्या गळ्यात शिरला, आतलं लेबल त्याने शोधलं. बोटं लेबलावर फिरायला लागली. उजवा अंगठा उठून तोंडात गेला तो त्यानंतर.

"आधी डावा, मग उजवा," मावशी म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "एकदाही उलटं होत नाही. किती दिवस झाले बघतेय."

आमच्या कामात हे रोजचं आहे. शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी पडायला लागली की नव्या पोरी खालच्या दोऱ्याची बॉबिनच काढ-घाल करत बसतात. दोष असतो वरच्या दोऱ्याच्या ताणात. मावशीने हेच बोलून दाखवलं. "सगळं घर खालची बॉबिन बदलतंय. वर कुणी बघितलंच नाही."

तिला इतका आनंद झाला की तिने घाई केली. संध्याकाळी तिने आईला गाठलं, सगळं समजावलं आणि दुसऱ्या दिवशी मुलीचे सगळे फ्रॉक मागवून घेतले. टाके उसवायच्या रिपरने एकेका गळ्यातलं लेबल तिने अलगद सोडवलं. कापडाला ओरखडासुद्धा नाही. जुनी कारागीर ती. लेबल गेलं की डावा हात मोकळा, डावा हात मोकळा की उजव्याला आठवण नाही. हिशेब सरळ होता आणि मलाही तो पटला होता.

दुपारी मशीनं सुरू झाली. डावा हात मानेमागे गेला. शोधलं. गळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधलं. मुलीने मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला. मग अंगठा तोंडात गेला आणि डाव्या हाताने केसांची एक बट धरली.

दुसऱ्या दिवशी ती क्रेटवर बसलीच नाही. भिंतीला तोंड करून बसली. जेवली नाही. केस ओढून ओढून कानामागची जागा लाल केली. अंगठा तर आता जेवतानाही बाहेर येईना. आठवडा संपायच्या आत तो फुगला, नखाची कड पिवळी दिसायला लागली, आणि आईला अर्ध्या दिवसाची रजा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे पळावं लागलं. त्यांनी कड थोडी उघडून पू काढला. म्हणाल्या, ठरल्या दिवशी या. तोवर कोरडा राहिलेला दिसला तर ठीक, नाहीतर मी आणखी थांबणार नाही.

आई परत आली ती थेट पाळणाघरात. खोलीत मुलं होती म्हणून आवाज दाबून बोलली, पण प्लायवूडला कान असतात.

"मावशी, होतं ते बरं होतं. तुम्ही कशाला हात लावलात?"

मी वाट पाहत होते की मावशी सांगेल, तूच हो म्हणाली होतीस, फ्रॉक तूच आणलेस. ते खरंही होतं.

"चुकलं माझं," मावशी म्हणाली. "तू रागव. रागवून झालं की बस इथे. मला एक विचारायचंय."

आई रागवली नाही. बसली आणि रडली. मावशीने तिला रडू दिलं. मग विचारलं, "हे लेबलाचं वेड हिला लागलं कुठून?"

"माझ्यामुळेच. ही अंगावर पीत होती तेव्हा मी लेबलांचं काम घरी आणायचे. हिला मांडीवर घेऊन शिवायचे. हात मोकळा राहिला तर सुईजवळ यायची, म्हणून लेबलांच्या पट्टीचं टोक हिच्या मुठीत द्यायचे. ते चोळत चोळत झोपायची. मग इथे नोकरी लागली, मी दिवसभर नसायचे. तेव्हापासून गळ्यातलं."

मावशीच्या मांडीवर एक उसवलेली बाही होती, तिची घडी करून तिने बाजूला ठेवली.

"मला वाटलं मी लेबल उसवलं," ती म्हणाली. "मी पोरीची आईच उसवली की गं."

मला मावशी आवडायला लागली ती इथून. तोवर ती एक गमतीदार बाई होती. आपली चूक कळल्यावर माणसं दोन गोष्टी करतात: एक तर पटवत बसतात की चूक नव्हतीच, नाहीतर हात आखडून घेतात, आता मी कशातच पडणार नाही म्हणून. मावशीने त्याच संध्याकाळी आईला वर पाठवलं, "जा, टाकाऊतली लेबलं घेऊन ये, मिळतील तितकी," आणि कामाला लागली.

फ्रॉकच्या गळ्यांत लेबलं परत गेली. जिथे होती तिथेच, त्याच टाक्यांच्या भोकांतून, तिने हाताने शिवली, चष्मा कपाळावर आणि सुई नाकाशी धरून. दोरा मी ओवून दिला. शिवाय तिने एक वेगळी वस्तू केली. वीतभर लांब मऊ कापडाची पट्टी, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक लेबल.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"हात किती आहेत पोरीला?"

सकाळी आईने स्वतः ती पट्टी मुलीच्या हातात दिली. हे मावशीने मुद्दाम सांगितलं होतं, मी देणार नाही, तू दे. मुकादम पट्टी घेऊन क्रेटवर गेली. केसांचा हात सुटला. डाव्या हाताची बोटं एका लेबलावर फिरायला लागली. दुसरं लेबल लोंबत राहिलं आणि अंगठा तोंडात.

"अर्धं जमलं," मावशी म्हणाली.

"अर्ध्याने काय होणार? दिवस कुठे आहेत?" माझाच जीव टांगणीला लागला होता.

"तुझं मशीन नाही ते, इंजिनेरबाई. पाना फिरवला की बसेल असं."

मग तिने मुलांचा एक खेळ सुरू केला. लेबलं किती तऱ्हेची असतात हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. कंपनीचं लेबल विणलेलं असतं, अक्षरं उठून लागतात. मापाचं छोटं आणि खरखरीत. धुण्याच्या सूचनांचं गुळगुळीत, हातातून सटकतं. काहींच्या कडा कापलेल्या, काहींच्या दुमडलेल्या. मावशी ती मांडीवर पसरायची, मुलांना डोळे मिटायला सांगायची आणि एकेक हातात द्यायची. सांगा बघू कुठलं?

मुकादम आधी नुसती बघत होती. मुलं चुकायला लागली तसं तिला राहवेना. तिने क्रेटवरूनच तोंडातल्या अंगठ्याआडून काहीतरी म्हटलं.

"काय म्हणता मुकादम? कळलं नाही."

अंगठा बाहेर आला. "ते मापाचं आहे!"

"बघून सांगितलंस. डोळे मिटून सांगशील?"

ती उतरून आली. डोळे मिटले, डावा हात पुढे केला. कंपनीचं. मापाचं. सूचनांचं. एकही चुकली नाही. एवढ्या वर्षांचा तिचा अभ्यास होता, चुकणार कशी. मुलं तोंडात बोटं घालून बघायला लागली.

"डाव्याला येतं," मावशी सहज म्हणाली. "उजव्याला येतं का?"

मुलीने उजवा हात पुढे केला. पू काढलेली कड भरत आली होती, ती बाजू तिने सांभाळली आणि अंगठ्याच्या पोटाने लेबल चोळलं. पुन्हा चोळलं. कपाळाला आठ्या पडल्या. "सूचनांचं?"

होतं कंपनीचं. एक मुलगा हसला. मुकादमाने डोळे उघडून आपल्या अंगठ्याकडे असं पाहिलं, जसं वरचे सुपरवायझर कामचुकार माणसाकडे बघतात.

"हा झोपलाय," ती म्हणाली.

"भिजलाय ना बिचारा. भिजला की त्याला काही कळत नाही."

"मग?"

"सुकला की उठेल."

बस, एवढंच. चोखू नको असं मावशीने तेव्हा म्हटलं नाही आणि नंतरही मी ऐकलं नाही. मुकादम पंख्याखाली जाऊन उभी राहिली आणि हात वर करून अंगठा वाऱ्याला धरला. थोड्या वेळाने येऊन लेबल चोळून गेली, नाही जमलं, पुन्हा पंख्याखाली. वरच्या बायका जेवायला उतरल्या तेव्हा ही अशी अंगठा उंचावून उभी. सगळ्यांना वाटलं, काहीतरी छान झालंय म्हणून दाखवतेय. त्यांनीही हसून अंगठे दाखवले. आईला काय झालंय कळेना. तिला एवढंच दिसलं की पोरीचा अंगठा हवेत आहे, आणि ती हातातला डबा तसाच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशीही उजव्याला जमलं नाही. तिसऱ्या दिवशी मापाचं ओळखता आलं. नंतर मात्र मधेच एक वाईट दिवस आला, मालाची घाई होती, आई सुट्टीत खाली उतरलीच नाही, आणि सगळी दुपार अंगठा आत. मी चरफडले. मावशी म्हणाली, "असू दे. आज तिला ओळखायचं नाहीये, आज तिला आई पाहिजे." ती उठून वर गेली. सुपरवायझरशी काय बोलली ते मला माहीत नाही, पण आई धावत खाली आली, पोरीला घट्ट धरून पाणी प्यायली आणि परत गेली. तेवढ्याने काम झालं.

घरासाठी मावशीचा एकच नियम होता: अंगठ्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आईला तो फार जड गेला. "मावशी, समोर दिसतो हो तोंडात. जीभ चावून गप्प बसते मी."

"चाव. तुझी जीभ आपोआप बरी होते. तिच्या अंगठ्याचं तसं नाही."

फोनवर आजीने पुन्हा मिरचीची आठवण केली. बापाने तिला सांगितलं म्हणे, "आई, इथे सध्या त्या विषयावर बंदी आहे."

झोपेचं काय? झोपताना अंगठा आत जायचाच. तिथे खेळ चालत नाही. मावशी त्याला हात लावायची नाही. मुलं दुपारी सतरंजीवर आडवी झाली की ती मुकादमाजवळ पाय पसरून बसायची. मुलगी गाढ झोपली की ओठ सैल पडतात, अंगठा आपणच घसरतो. तो घसरला की मावशी मऊ कापडाच्या तुकड्याने टिपायची, नखाच्या कडेला मलम लावायची आणि हात उघडा करून सतरंजीवर ठेवायची. परत आत गेला तर परत वाट बघायची. त्या वेळात तिची स्वतःची डुलकी गेली ती गेलीच. घरीही आई हेच करायला लागली.

एकदा मी विचारलं, "मावशी, झोपेत हलकेच ओढून काढला तर काय बिघडेल? वेळ वाचेल की."

"तुझ्या हातातलं कुणी झोपेत काढून घेतलं, तर पुढच्या वेळी तू झोपशील का निवांत?"

मी परत माझ्या मशीनकडे वळले.

ठरलेल्या दिवशी मला सुटे भाग आणायला कंपनीच्या गाडीने बाजारात जायचं होतं. दवाखाना वाटेवर, म्हणून तिघी गाडीत बसल्या. मावशी नव्हतीच जाणार, पण आईने तिचा हात सोडला नाही. "तुम्ही चला. नख काढायचं म्हणाल्या तर मला एकटीला ऐकवणार नाही."

"मी येऊन काय करणार आहे? डॉक्टरला अंगठा तिने दाखवायचाय."

आईला हसू आलं नाही. मला आलं, पण मी ते खिडकीकडे वळून हसले. खरं तर मावशीलाही हसू आलेलं नव्हतं. बोलत ती होती, पण सगळ्या रस्ताभर पदराचं टोक पिळत होती.

दवाखान्याचा जिना अरुंद. वर एक बाक, एक मासे नसलेली माशांची टाकी, आणि आतून कुठल्यातरी मुलाचं रडणं. मुकादमाने टाकीत मासे का नाहीत हे सगळ्यांना विचारून घेतलं. आमचा नंबर आला. मीही आत गेले, मला कुणी थांबवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, अंगठा धरला, नखाची कड दाबून पाहिली. "दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही. तुमचे हात गार आहेत."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी दुसऱ्या बाजूनेही पाहिलं, मग भिंगातून. मावशी भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागे.

"कोरडा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कातडी परत धरलीय. नवीन नख खालून चांगलं येतंय. काढायची गरज नाही."

आई खुर्चीत बसली.

"केलंत काय तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आईने मावशीकडे बोट दाखवलं. मावशीने सांगितलं. आधी काय चुकलं तेही सांगितलं, लेबलं उसवली, केस ओढायला लागली, अंगठा फुगला, सगळं, काहीच न गाळता. उलट तोच भाग तिने जास्त लांबवला. डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "पट्टीला दोन लेबलं का, म्हणालात?" आणि उत्तर ऐकून मान डोलावली.

"पण बाई," मावशी म्हणाली, "पूर्ण सुटलेलं नाही. झोपताना जातो अजून. हिची आई काळजी करते. दातांचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी मुलीचं तोंड उघडून पाहिलं. "पुढचे दात किंचित उघडे आहेत. हे दुधाचे आहेत. पक्के यायच्या आत सुटलं तर बहुतेक वेळा आपोआप जुळून येतात. या वयात पुष्कळ मुलं स्वतःच सोडतात, हिने तर सुरुवात केलीय. झोपेपुरता असेल तर आत्ता त्याच्यामागे लागू नका. झोपली की पुसायचं ते चालू ठेवा, सहा महिन्यांनी दात दाखवा. आणि सुजला तर लगेच या."

"म्हणजे झोपताना तोंडात जाऊ दे?" आईने विचारलं. तिला ते परवानगी म्हणून ऐकायची सवय नव्हती.

"जाऊ दे."

आम्ही जिना उतरलो. वाट पाहून, प्रश्न विचारून मुकादम दमली होती. आईने तिला कडेवर घेतलं. मधल्या वळणावर तिचे डोळे मिटायला लागले, मान आईच्या खांद्यावर पडली, आणि अंगठा सवयीने उठून तोंडात गेला.

आईचा हात उठला. इतक्या वर्षांचा तो हात, विचार करायच्या आधीच उठायचा. तो मुलीच्या मनगटापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मग पाठीवर जाऊन हळूहळू थोपटायला लागला.

मावशी पुढे होती. तिने वळून पाहिलं, उरलेल्या पायऱ्या भराभर उतरली आणि रस्त्याकडचं जड दार अंगाने रेटून उघडं धरलं, त्या दोघी बाहेर पडेपर्यंत.